लाल औषध आणि बाईची फाईल

डॉक्सोरुबिसिन हे स्तनाच्या कर्करोगावरचं लाल औषध. इटलीच्या मातीतल्या जिवाणूपासून १९६०च्या दशकात मिळालं. एड्रियाटिक समुद्रावरून 'एड्रियामायसिन' म्हणतात. ते घेतल्यावर दिवसभर लघवी लाल होते, ते रक्त नसतं. आमच्या वस्तीतल्या एकीच्या नवऱ्याला डॉक्टरांनी हे सांगितलं, तिला नाही. त्याला घरी बोलायची लाज वाटली म्हणे! ती घाबरली, पुढच्या तारखेला गेलीच नाही. मी घरी गेले तेव्हा कळलं.

या औषधाचा हृदयावरचा परिणाम साठत जातो. म्हणून आयुष्यभराच्या एकूण मात्रेला मर्यादा असते, आधी इको काढतात. मग आजवर किती मात्रा गेली, तो कागद कुणाच्या पिशवीत हवा? आता फाईल आम्ही बाईच्याच हातात मागतो.