लेकुरवाळीची शाळा

(गणेशोत्सवातील महिला मेळाव्यात केलेले भाषण)



बाप्पा विद्येची देवता. म्हणून ज्यांची शाळा पाळण्यापाशी थांबली, अशा मुलींविषयी आज चार शब्द बोलते.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी महाराष्ट्रात ७.६ टक्के आणि कर्नाटकात ५.४ टक्के मुली आई झालेल्या किंवा गरोदर आढळल्या. म्हणजे आपले मूळ गाव आणि हे कर्मभूमीचे गाव, दोन्हीकडे हा प्रश्न आहे. आपल्या महादेवपुऱ्यातील घरी कामाला येणाऱ्या मावशींचीही अशी लेक असू शकते. बालविवाह रोखायलाच हवा. पण जिच्या कडेवर मूल आलेच, तिला वर शाळाबंदीची शिक्षा कशाला?

महर्षी कर्व्यांच्या मेहुणी पार्वतीबाई आठवले ऐन तारुण्यात विधवा झाल्या, पदरी लहान मुलगा. पुण्यात बहिणीच्या घरी राहून त्या वाचायला शिकल्या. पुढे हिंगण्याच्या आश्रमासाठी वर्गणी गोळा करीत देशभर फिरल्या आणि १९१८ साली इंग्रजी शिकायला अमेरिकेला गेल्या. जिद्द त्यांची, पण पाठीशी एक घर होते, हे विसरू नये.

आज वाटा पुष्कळ आहेत. महाराष्ट्रात सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावीला बाहेरून बसता येते. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेत चौदा वर्षे पूर्ण झालेली कोणीही मुलगी दहावीसाठी नाव घालू शकते, वयाला वरची अट नाही. नोंदणी पाच वर्षे चालते, परीक्षेच्या नऊ संधी मिळतात, सुटलेला विषय पुन्हा द्यावा लागत नाही. बाळंतपणात वर्ष गेले तरी सारे बुडत नाही.

मी रविवारी काही मुलींना गणित शिकवते. त्यांना गणित अवघड जात नाही; अडते ते बाळ कोणाकडे ठेवायचे इथे. कोणी दोन तास बाळ घेतले, तर आईचा एक धडा पुरा होतो.

म्हणून मंडळाला माझी विनंती आहे. आरास थोडी कमी करू, दोन मुलींच्या परीक्षेची फी भरू. आपल्यातल्या आजी-काकूंनी आठवड्यातून एक दुपार द्यावी. आणि "आता शिकून काय करणार?" हे वाक्य आपल्या घरातून कायमचे विसर्जित करू या.

गणपती बाप्पा मोरया!