गच्चीवरची दुर्बीण
(जयपूर येथे मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



अशा मंगल प्रसंगी दुर्बिणीवर बोलावे, हे काहींना विचित्र वाटेल. परंतु अलीकडे आपल्यापैकी बऱ्याच घरांत मुलांच्या हट्टापायी दुर्बीण येते आणि महिन्याभरात माळ्यावर जाते. दुर्बीण माळ्यावर गेल्याचे आम्हांस फारसे दुःख नाही. तिच्याबरोबर मुलाचे कुतूहलही माळ्यावर जाते, याचे दुःख आहे. म्हणून ती कशी निवडावी, कशी उभी करावी आणि तिच्यातून काय पाहावे, एवढाच मर्यादित विषय आम्ही घेतला आहे.

दुर्बिणीचे पहिले काम प्रकाश गोळा करण्याचे. वस्तू मोठी दाखविणे हे दुसरे. अंधारात आपल्या डोळ्याची बाहुली फार तर 7 मिलिमीटर विस्फारते. 70 मिलिमीटर व्यासाचे भिंग तिच्या शंभरपट प्रकाश गोळा करते. तेव्हा विकत घेताना व्यास विचारावा. खोक्यावर 'पाचशे पट' असे छापलेले असले तर त्यास भुलू नये. व्यासाचे मिलिमीटर जितके, त्याच्या दुप्पट ही वर्धनाची व्यवहारी मर्यादा. 70 मिलिमीटरच्या दुर्बिणीस ती 140 पट होय. दुर्बिणीचे नाभीय अंतर 700 मिलिमीटर असेल, तर 25 मिलिमीटरची नेत्रिका 28 पट आणि 10 मिलिमीटरची 70 पट वर्धन देते. या दोन नेत्रिकांवर वर्षभर आनंदाने काढता येते. बैठक मात्र भक्कम हवी. डुगडुगणाऱ्या तिपाईवर उत्तम भिंगही निरुपयोगी.

पहिले काम दिवसा करावे. सूर्याकडे पाठ करून नाहरगडाच्या तटावरचा एखादा बुरूज मोठ्या दुर्बिणीत मध्यभागी आणावा. मग नळीवरच्या छोट्या शोधक दुर्बिणीचे स्क्रू फिरवून तोच बुरूज तिच्या फुलीवर आणावा. बुरूज उलटा दिसला तर गोंधळू नये. आकाशात वर-खाली असे काही नसते. ही दहा मिनिटे जे वाचवितात, ते रात्री तासभर चाचपडतात, आणि तोवर मुले झोपी जातात.

रात्री दुर्बीण अर्धा तास आधी गच्चीवर ठेवावी. आतली हवा बाहेरच्या हवेइतकी थंड झाल्यावाचून चित्र स्थिर होत नाही. दिवसभर तापलेली फरशी आणि शेजारचा पत्रा यांवरून उठणाऱ्या उष्ण हवेनेही तारे थरथरतात. म्हणून उत्तररात्रीचे आकाश अधिक शांत. डोळ्यांस अंधाराची सवय होण्यास वीस-तीस मिनिटे लागतात. विजेरीस तांबडा कागद बांधावा आणि भ्रमणध्वनी खिशात ठेवावा.

70 पटीत कोणताही ग्रह दोन-तीन मिनिटांत दृष्टिक्षेत्रातून सरकून जातो. हा दुर्बिणीचा दोष नव्हे, ते पृथ्वीचे फिरणे आहे. त्यास तोंड देण्यासाठी काही दुर्बिणींना विषुववृत्तीय बैठक असते. तिचे तत्त्व समजण्यास ग्रंथ नको. सवाई जयसिंगांच्या जंतरमंतरात जावे. तेथील 27 मीटर उंचीच्या सम्राट यंत्राची तिरपी भिंत जमिनीशी 27 अंशांचा कोन करते आणि थेट ध्रुवाकडे रोखलेली असते. बैठकीचा अक्षही तसाच 27 अंशांवर ध्रुवाकडे रोखला, की एकच खुंटी हळूहळू फिरवून तारा धरून ठेवता येतो. पुण्याहून आणलेली बैठक साडेअठरा अंशांवर बसविलेली असेल, तर ती येथे बदलावी लागेल.

आरंभ चंद्रापासून करावा, पण पौर्णिमेस नव्हे. अष्टमीच्या सुमारास प्रकाश आणि अंधार यांच्या सीमेवर विवरांच्या लांब सावल्या पडतात. पौर्णिमेस त्या नाहीशा होतात. मग गुरू. त्याचे चार चंद्र गॅलिलिओने 1610 च्या जानेवारीत पाहिले. ते 28 पटीतही दिसतात. रोज त्यांची जागा वहीत काढून ठेवणारे मूल आठवड्याभरात विज्ञान म्हणजे काय हे शिकते. शनीची कडी 2025 साली आपल्या दृष्टिरेषेत आल्याने दिसेनाशी झाली होती. त्यानंतर ती पुन्हा वर्षागणिक उघडू लागली आहेत. हिवाळ्यात कृत्तिकांचा पुंजका कमी वर्धनातच पाहावा, आणि मृगातील बाणाच्या दक्षिणेस असलेला तेजोमेघ निवांतपणे. तो रंगीत छायाचित्रासारखा दिसणार नाही; करड्या धुरासारखा दिसेल. हे मुलांना आधीच सांगावे, म्हणजे निराशा होत नाही.

आता एक इशारा, आणि तो आम्ही कठोर शब्दांत देतो. दुर्बिणीतून सूर्याकडे क्षणभरही पाहू नये; शोधक दुर्बिणीतूनही नाही. दृष्टी कायमची जाते. काही स्वस्त संचांत नेत्रिकेला लावायची काळी काच येते. उष्णतेने ती तडकते. ती फोडून फेकून द्यावी. सूर्य पाहणे असेल तर पुढच्या तोंडावर बसणारी प्रमाणित गाळणीच हवी. दिवसा दुर्बीण गच्चीवर सोडून जाऊ नये.

शेवटी आपल्या मनाजवळची गोष्ट. ध्रुव क्षितिजापासून जितका उंच, तितके त्या गावाचे अक्षांश. पुण्यात तो साडेअठरा अंशांवर, येथे 27 अंशांवर. एका अंशास सुमारे 111 किलोमीटर धरले, तर आपण पुण्याच्या उत्तरेस सव्वानऊशे किलोमीटर आलो आहोत, हे आकाशच सांगते. दक्षिणेचा अगस्त्य पुण्याहून 19 अंशांपर्यंत चढतो. येथे जेमतेम 10. फेब्रुवारीत रात्री नऊच्या सुमारास दक्षिणेकडे झाडी नसेल, तर तो दिसेल. घरचे आकाश येथे थोडे कलले आहे, हरवलेले नाही. पण त्यातील मृग, व्याध, कृत्तिका ही नावे आपल्या मुलांना शाळेत या भाषेतून कोणी सांगणार नाही. ती गच्चीवर आजीआजोबांनीच सांगावयाची आहेत.

म्हणून आमची मंडळास सूचना अशी, की घरोघरी एक खेळणे घेण्यापेक्षा मंडळाने एक चांगली दुर्बीण घ्यावी आणि दर महिन्याच्या शुद्ध अष्टमीस ती गच्चीवर मांडावी. पन्नास वर्षे या मंडळाने नाटक, गणेशोत्सव आणि वाचनालय जपले. त्यांच्या शेजारी आकाशासही जागा मिळो.