चोवीस तासांची बाई



गुढीपाडवा आला की आपल्या मराठवाड्यातल्या गावागावांत सालगडी ठरतात. ओसरीवर चार माणसे बसतात. सालाचे पैसे किती, उचल किती, ज्वारी किती, आजारपणातले खाडे कसे धरायचे, सगळे बोलून होते. घासाघीस होते, रुसवेफुगवेही होतात. सालगड्याचे सारे छान चालते असे माझे म्हणणे नाही. उचलीपायी माणसे कशी अडकून पडतात, ते तुम्हीच मला सांगाल. पण जे ठरते ते निदान चार माणसांच्या कानावर असते.

आता त्याच गावची एखादी बाई शहरात कुणाच्या घरी राहून काम करायला निघते, तेव्हा काय ठरते? 'जेवणखाण, कपडालत्ता आणि महिन्याला अमुक. अगदी घरातल्यासारखी राहील हो!' संपली बोलणी. उठायचे किती वाजता, निजायचे कुठे, सुट्टी कधी, याचा विषयच निघत नाही. घरातल्या माणसाला कुठे कोणी सुट्टी देते का?

शहरात अशा बाईला 'चोवीस तासांची बाई' म्हणतात. मीही म्हणत होतो. मराठी शिकवतो, शब्दांचा अर्थ मुलांना फोडून सांगतो. पण या शब्दाचा अर्थ माझ्या ध्यानात आला नव्हता.

तीन वर्षांपूर्वी माझी आई न्हाणीघरात घसरली आणि तिचा खुबा मोडला. आम्ही लातूरला राहतो. मी कॉलेजात, पत्नी शाळेत, मुलगा दहावीला. ओळखीतून रेणापूर तालुक्यातल्या एक बाई आल्या. पन्नाशीच्या, विधवा, जन्म ऊसतोडीत गेलेला. आम्ही त्यांना मावशी म्हणू लागलो. त्यांनी आईला महिन्याभरात काठीवर उभे केले. खोटे कशाला सांगू, ते आमच्याच्याने झाले नसते. आईचे आणि त्यांचे इतके जमले, की दोघी रात्री दिवा मालवूनही बोलत असायच्या.

मावशी आईच्या खाटेजवळ चटई टाकून निजत. आई रात्रीतून तीनदा उठे. तीनदा त्याही उठत. पुन्हा पहाटे पाचला चहाचे आधण. त्यांचे कपडे एका पिशवीत, पिशवी खिळ्याला. पाच खणांचे कपाट घरात होते, पण एक खण रिकामा करून द्यावा हे वर्षभर कुणाला सुचले नाही. पगाराचे म्हणाल तर पहिल्याच महिन्यात त्या म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या तुमच्यापाशीच. लागंल तवा मागंन." मला वाटले, केवढा हा विश्वास! पुढे त्या पैसे मागत तेव्हा मी सहज विचारी, "कशाला हवेत, मावशी?" स्वतःच्या कष्टाचे पैसे घेताना त्यांना मला कारण सांगावे लागे. यात काही चुकते आहे असे मला तेव्हा वाटलेसुद्धा नाही.

मग श्रावण आला. मावशींनी पंचमीला तीन दिवस मागितले. लेक माहेरी येणार होती. मी म्हणालो, "अहो, आईचं कोण बघणार? तुम्ही तर घरातल्याच." त्या काही बोलल्या नाहीत. घरी आईच नाही म्हटल्यावर लेक कशाला राहते? चुलत्याकडे जेवून त्याच संध्याकाळी ती सासरी परतली. हे मला पुढे आईकडून कळले.

पोळ्याच्या दिवशी पुरणावरणाचा स्वयंपाक होता. मी स्वयंपाकघरात डोकावून म्हणालो, "मावशी, आज तरी लवकर आटपा." त्या हसत म्हणाल्या, "व्हय सर, पोळ्याला बैलबी सुटतोय की." हसल्या त्या एकट्याच.

श्रोतेहो, अशा घरी राहून काम करणाऱ्या माणसांचा विचार जगात झालेला आहे. १६ जून २०११ रोजी आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने घरकामगारांसाठी १८९ क्रमांकाचा करार संमत केला. आठवड्यातून सलग चोवीस तास तरी विसावा हवा, असे तो सांगतो. आणखी एक बारीक पण मोलाची गोष्ट त्यात आहे: विसाव्याच्या वेळी त्या बाईने मालकाच्या घरातच थांबले पाहिजे अशी सक्ती नसावी. भारताने त्या वेळी कराराच्या बाजूने मत दिले, पण करार अजून स्वीकारलेला नाही. आपल्या राज्यात २००८ साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. १८ ते ६० वयाच्या घरकामगारांची त्यात नोंदणी होते. नोंदणी जरूर करावी. पण सुट्टी कधी आणि निजायचे कुठे, हे ओसरीवरच ठरवावे लागते.

म्हणून गावच्या मंडळींना माझे सांगणे आहे. तुमच्यातली कोणी अशा कामाला निघाली, तर सालगड्यासारखीच चार माणसांत बोलणी करा. पगार तिच्या नावच्या पोस्टाच्या किंवा बँकेच्या खात्यात. पासबुक तिच्याजवळ. आठवड्याचा वार ठरलेला. आणि सणाचे दिवस आधीच सांगून ठेवलेले.

शिक्षक मित्रहो, तुमच्याशी थोडे वेगळे बोलायचे आहे. दिवाळीच्या सुट्टीनंतर पाचवी-सहावीतली एखादी मुलगी येत नाही. विचारले तर उत्तर मिळते, 'मावशीकडे राहायला गेली.' ही मावशी कोणती, ते एकदा घरी जाऊन विचारा. चौदा वर्षांखालच्या मुलांना घरकामाला ठेवण्यावर १० ऑक्टोबर २००६ पासून बंदी आहे, आणि २०१६ च्या दुरुस्तीने ती सगळ्याच धंद्यांना लागू झाली. शंका आली तर १०९८ हा क्रमांक आहे. 'बाळ सांभाळते, शिकतेही' असे सांगणारी घरे मी पाहिली आहेत. पोरीचे दप्तर मात्र मला त्या घरांत दिसले नाही.

आमच्या घरी आता रविवार मावशींचा. शनिवारी संध्याकाळी त्या एस.टी.ने गावी जातात. पहिल्या शनिवारी रात्री आईसाठी मी उठलो, तीनदा. रविवारी दुपारी पेपर तपासताना खुर्चीतच डोळा लागला. आई म्हणाली, "तुला उशी नीट लावता येत नाही." खरेच येत नव्हती, अजूनही धड येत नाही. पंचमीचे तीन दिवस दिवाळीतच कॅलेंडरवर लिहून ठेवले आहेत. त्या दिवसांत मी रजा घेतो. लेक येते, चार बायका जमतात, झोका बांधतात म्हणे.

सोमवारी सकाळी मात्र आई दाराकडे डोळे लावून बसते. "रेणापूरची गाडी आली का रे?" असे दर पाच मिनिटांनी विचारते.