ताऱ्यांनी आखलेली हद्द

दोन शेतांमधील बांध कोणालाही दिसतो. तो दगडांचा असतो, मातीचा असतो, निदान बाभळीच्या ओळीवरून तरी ओळखता येतो. परंतु जी भूमी राज्यकर्त्यांनी फारशी पाहिलेलीही नाही, तिची हद्द कशी ठरवावयाची? ब्रिटिश सरकारने या प्रश्नाचे उत्तर लंडनमध्ये नकाशासमोर बसून दिले. १८३६ साली दक्षिण ऑस्ट्रेलिया या नव्या वसाहतीची सनद निघाली आणि ग्रीनिचच्या पूर्वेस १४१ अंशांवरील रेखावृत्त ही तिची पूर्व सीमा ठरली. त्या प्रदेशात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या आदिवासींच्या आपापल्या हद्दी होत्या. त्यांना कोणी विचारले नाही. कागदावर ही रेघ पट्टीने ओढता आली. भूमीवर मात्र ती आकाशातूनच उतरवून घ्यावयाची होती.

या कामात भूमापकापुढे दोन प्रश्न असत. पहिला दिशेचा. दक्षिण गोलार्धात ध्रुवतारा दिसत नाही. तेव्हा एखादा तारा पूर्वेस चढत असता एका ठराविक उंचीवर आला, की त्याची दिशा मोजावयाची; तोच तारा पश्चिमेस उतरताना त्याच उंचीवर आला, की पुन्हा मोजावयाची. दोहोंचा मध्य म्हणजे शुद्ध उत्तर-दक्षिण रेषा. हे काम कष्टाचे, पण साध्य होते.

दुसरा प्रश्न रेखांशाचा, आणि खरी अडचण तेथे होती. पृथ्वी चोवीस तासांत एक फेरा पुरा करते, म्हणजे दर चार मिनिटांस एक अंश फिरते. नागपुरास सूर्य मुंबईच्या आधी सुमारे पंचवीस मिनिटे माथ्यावर येतो, त्याचे कारण हेच. दोन ठिकाणच्या वेळांतील फरक कळला, की रेखांशांतील फरक कळलाच. आपल्या ठिकाणची वेळ तारे सांगतात. परंतु त्याच क्षणी ग्रीनिचला किती वाजले आहेत, हे कोणी सांगावे? त्यासाठी जहाजातून आणलेल्या कालमापक घड्याळांवर, नाही तर चंद्र आणि तारे यांच्यामधील अंतर मोजून केलेल्या किचकट गणितावर विसंबावे लागे. महिनोन्‌महिने समुद्रात हेलकावे खाल्लेले घड्याळ काही सेकंद पुढेमागे झाले, तर त्यात नवल ते काय!

१८३९ साली चार्ल्स टायर्स या भूमापकाने किनाऱ्यावर ग्लेनेल्ग नदीच्या मुखाजवळ १४१ व्या रेखावृत्ताचे स्थान निश्चित केले. १८४७ साली हेन्री वेड याने तेथून उत्तरेस रेषा आखण्यास आरंभ केला. झाडांच्या खोडांवर खुणा तासीत त्याची तुकडी पुढे सरकली; पण पुढे निर्जल झुडपी रान लागले आणि काम थांबले. उरलेली रेषा एडवर्ड व्हाइट याने मोठ्या हालअपेष्टा सोसून १८५० साली मरे नदीपर्यंत नेली. सुमारे २८० मैलांची ही हद्द दोन्ही बाजूंच्या सरकारांनी मान्य केली. १८५१ साली पूर्वेकडे व्हिक्टोरिया ही स्वतंत्र वसाहत झाली.

त्यानंतर तारायंत्र आले. आता वेळ जहाजातून आणावी लागत नव्हती. ती तारेतून क्षणार्धात येत होती. १८६८ साली दक्षिण ऑस्ट्रेलियाचे चार्ल्स टॉड आणि न्यू साउथ वेल्सचे सरकारी ज्योतिर्विद जॉर्ज स्मॉली यांनी मरे नदीच्या उत्तरेकडील हद्द ठरविण्यासाठी या साधनाचा उपयोग केला. तेव्हा असे दिसून आले की, वेड आणि व्हाइट यांची रेषा खऱ्या रेखावृत्ताच्या पश्चिमेस २ मैल १९ साखळ्या पडली आहे. वेळेच्या हिशेबाने ही चूक अवघी नऊ-दहा सेकंदांची! परंतु तेवढ्याने पाचशेहून अधिक चौरस मैल भूमी दक्षिण ऑस्ट्रेलियाकडून व्हिक्टोरियाकडे गेली होती.

दक्षिण ऑस्ट्रेलियाचे म्हणणे सरळ होते. सनदेत १४१ अंश लिहिले आहेत. भूमापकाच्या घड्याळाची चूक सनदेहून श्रेष्ठ कशी? व्हिक्टोरियाचे उत्तरही तितकेच सरळ होते. दोन्ही सरकारांनी जी खूण मान्य केली तीच हद्द. तिच्या भरवशावर जमिनी विकल्या गेल्या, लोकांनी त्या कसल्या, त्यांवर घरे उभारली. जवळजवळ अर्धे शतक हा वाद चालला. १९११ साली ऑस्ट्रेलियाच्या उच्च न्यायालयाने व्हिक्टोरियाच्या बाजूने निकाल दिला आणि १९१४ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलाने तोच कायम केला. सनदेतील रेषा भूमीवर उतरविण्याचा अधिकार सनदेतच गर्भित होता. तो अधिकार सद्‌हेतूने आणि उभयपक्षी संमतीने वापरला गेल्यावर हद्द कायमची ठरली, असा त्या निर्णयाचा मथितार्थ होता.

नकाशात याची खूण अद्याप दिसते. न्यू साउथ वेल्सची हद्द उत्तरेकडून नव्या मोजणीप्रमाणे सरळ खाली येते, मरे नदीपाशी अडते, काही मैल नदीकाठाने पश्चिमेस सरकते आणि मग जुन्या मोजणीची वाट धरते.

ज्योतिषशास्त्राचा हा पराभव मानण्याचे कारण नाही. चूक झाली हे सांगितले त्याच शास्त्राने, आणि किती झाली हेही त्यानेच साखळ्यांत मोजून दिले. परंतु शास्त्राचे माप दर पिढीस अधिक सूक्ष्म होत जाते. प्रत्येक सुधारणेबरोबर हद्दीचा दगड हलू लागला, तर कोणत्याही माणसास आपल्या अंगणाचा भरवसा राहणार नाही. हद्द कोठे असावी, हे तारे सांगू शकतात. ती कोठे आहे, हे अखेर माणसांच्या परस्पर वचनाने ठरते. आणि असे वचन देताना कोणास विचारले व कोणास वगळले, याचा जाब ताऱ्यांना विचारता येत नाही.