खोळंब्याचे दाम



ज्या कस्तुरबा गांधी मार्गावर आज आपण जमलो आहोत, तेथे दिवसा अवजड मालमोटारींना मज्जाव असतो. प्रवेशबंदी उठेपर्यंत त्या संजय गांधी ट्रान्सपोर्ट नगरासारख्या तळावर उभ्या राहतात. मुंबईहून सुमारे १,४०० किलोमीटर आलेला चालक तेवढा वेळ विश्रांती घेतो, असा आपला समज असतो.

भाषांतर करताना मी याच शब्दापाशी अडले. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार अधिनियमाने दिवसाचे आठ तास ठरविले होते. परंतु तळावरील नुसत्या हजेरीचा काळ पंधरा मिनिटांहून कमी असेल, तरच तो कामाच्या तासांत धरावा, अशी त्याची व्याख्या होती. शिवाय पाचांहून कमी कामगार ठेवणारा मालक सामान्यतः त्या अधिनियमाच्या कक्षेबाहेरच राही.

मालाची जोखीम असेतो चालकाला गाडी सोडता येत नाही, की निश्चिंत झोपताही येत नाही. २०२५ मध्ये नव्याने तयार होणाऱ्या मालमोटारींत चालकासाठी वातानुकूलित कक्ष सक्तीचा झाला, हे स्वागतार्हच आहे. तथापि कक्ष थंड झाल्याने ताटकळण्याचे दाम मिळत नाही. म्हणून मी तेथे ‘विश्रांती’ हा शब्द खोडून ‘खोळंबा’ असे लिहिले.