झाडावर चढण्याआधी

(रौप्यमहोत्सवानिमित्त सोसायटीच्या आवारात झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



मला भाषणाची सवय नाही. माझं काम वरचं, फांदीवरचं. गेली तीस वर्षं नाशकात झाडं छाटायचं काम करतोय. सेक्रेटरी साहेब म्हणाले, "पार्किंगजवळच्या गुलमोहरावरून आमच्यात दोन पार्ट्या पडल्यात, तुम्हीच येऊन चार शब्द सांगा." म्हणून आलो.

आपण नाशिककर. छाटणी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर द्राक्षबाग येते. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरमध्ये फळछाटणी. वेल जितका छाटावा तितका फुटतो, असं आपण लहानपणापासून बघतो. मग सोसायटीतल्या झाडालाही तोच न्याय लावतो. "जरा डोक्यावरून चांगलं उतरवा हो, दोन वर्षं बघायला नको!" पण वेलाला मांडव असतो, खतपाणी असतं, शेतकरी रोज बागेत असतो. झाडाला यातलं काही नसतं. त्याचा शेंडा उडवला की उपाशी झाड घाईघाईनं पन्नास फुटवे काढतं. लांबून हिरवंगार दिसतं, पण ते फुटवे वरवर चिकटलेले असतात.

हे मला पडून कळलं. एका सोसायटीत गुलमोहरावर चढलो होतो. मनगटाहून जाड फांदी होती, तिला दोर बांधला आणि वजन टाकलं. फांदी बुडातून सोलून निघाली. बारा फुटांवरून खाली आलो, हात मोडला, तीन महिने घरी बसलो. बरं, फांदी एवढी कच्ची का निघाली? कारण चार वर्षांपूर्वी त्या झाडाचं कुणीतरी मुंडण केलं होतं आणि ही फांदी म्हणजे त्या खुंटावरचा फुटवा होता. ते मुंडण करणारा मीच होतो. लोकांनी सांगितलं, मी केलं. लाकूड मलाच मिळणार होतं, मग मी कशाला नाही म्हणू?

नंतर उद्यानविद्येच्या एका सरांनी मला नीट शिकवलं. अमेरिकेच्या वनखात्यात अ‍ॅलेक्स शायगो नावाचे शास्त्रज्ञ होते. त्यांनी हजारो झाडं चेनसॉनं उभी चिरून जखमेचं आत काय होतं ते बघितलं. माणसाची जखम भरून येते, झाडाची तशी भरत नाही. झाड जखमेभोवती आतून भिंत घालतं आणि बाहेरून नवीन लाकूड चढवतं. म्हणून काप कुठे घेतला याला महत्त्व. फांदी खोडाला मिळते तिथे एक फुगीर कडं असतं, त्याला आम्ही कॉलर म्हणतो. काप त्या कॉलरच्या जस्ट बाहेर घ्यायचा. खोडाला घासून कापलं तर भिंत घालणारी जागाच जाते, आणि हातभर खुंट ठेवला तर तो कुजत आत शिरतो.

जाड फांदी एका कापात कधीच काढू नये. आधी कॉलरपासून हातभर पुढे खालून अर्धवट काप, मग त्याच्या थोडं पुढे वरून काप. फांदीचं वजन गेलं की राहिलेला तुकडा कॉलरजवळ कापायचा. नाहीतर फांदी पडताना खोडाची साल खालपर्यंत सोलत नेते. कापावर डांबर, ऑइलपेंट काही लावू नका. त्यानं कुजणं थांबत नाही.

आता मुळांचं. आपल्याला वाटतं मुळं खोल जातात. पाणी घेणारी बहुतेक मुळं वरच्या दीड-दोन फुटांतच असतात आणि फांद्यांच्या घेराच्याही बाहेर पसरतात. तुम्ही खोडापर्यंत पेव्हर ब्लॉक बसवले, पाइपासाठी चर खणला, की झाडाचा पाय कापला. मग ते दोन पावसाळ्यांनी पडतं आणि दोष वाऱ्याला लागतो.

एप्रिल-मेमध्ये एकदा झाडं बघून घ्या. बुंध्याशी अळंबी उगवली आहे का, एका बाजूची माती उचलली आहे का, झाड अलीकडेच कलायला लागलं आहे का, दोन जाड फांद्यांच्या बेचक्यात चीर आहे का. यातलं काही दिसलं तर जाणकाराला बोलवा. नुसती ढोली आहे म्हणून झाड धोक्याचं नसतं, बाहेरचं लाकूड किती जाड आहे ते बघावं लागतं. ढोलीत सिमेंट मात्र भरू नका.

माणूस ठरवताना चार गोष्टी विचारा. हेल्मेट, बेल्ट, दोर आहे का? विमा आहे का? वायर जवळ असेल तर महावितरणकडून लाइन बंद करून घेणार का? आणि मजुरी पैशात घेणार की लाकडात? लाकडावर काम करणारा जाड फांद्याच आधी कापणार. मी कापत होतो, म्हणून सांगतो. आणि काम तोडायचं असो की मोठ्या फांद्यांचं, आधी महापालिकेच्या उद्यान विभागात अर्ज. त्यासाठी 1975 पासून कायदा आहे. 2021 च्या दुरुस्तीनंतर तोडलेल्या झाडाचं वय जेवढं, तेवढी नवी झाडं लावावी लागतात. म्हणजे तुमच्या पंचवीस वर्षांच्या एका झाडामागे पंचवीस. जागा कुठाय?

आता तुमचा गुलमोहर. सकाळी वर जाऊन बघितला. बुंधा ठणठणीत आहे. पार्किंगवरच्या एका फांदीला बेचक्यात चीर आहे, ती काढावी लागेल. दुसरीचं टोकाकडचं वजन कमी करू. खोडाभोवतीचे ब्लॉक तीन-चार फूट काढा. वादळाचा इशारा असेल त्या दिवशी गाड्या दुसरीकडे लावा. गुलमोहराचं लाकूड ठिसूळ, मुळंही उथळ, त्यामुळे कधीच पडणार नाही अशी गॅरंटी मी देत नाही. तशी देणारा भेटला तर त्याला काम देऊ नका. पण आज ते झाड तोडायचं कारण मला दिसलं नाही.

गेटजवळचा कडुनिंब तुम्ही सोसायटी झाली त्या साली लावला, असं काकूंनी सांगितलं. कायद्यानं पन्नास वर्षांवरचं झाड हे वारसा वृक्ष. म्हणजे सुवर्णमहोत्सवाला तुमच्या गेटवर वारसा वृक्ष उभा असेल. त्याच्या अंगावरचे लायटिंगचे खिळे तेवढे आजच काढून घ्या. पक्कड माझ्याकडे आहे, शिडीही आहे. कार्यक्रम संपला की कुणीतरी दोघं जण या.