जनावर आपल्या ताकदीचं

आज बोलायचंय साठी ओलांडलेल्या बायकांशी, आणि ज्यांच्या घरी सासू किंवा आई अजून गोठा सांभाळते, त्यांच्याशीही.

म्हैस विकायची म्हटलं की जीव तुटतो. दर दहा दिवसांनी डेअरीचं बिल हातात येतं, कुणापुढं हात पसरावा लागत नाही. हे खरंच आहे. पण म्हैस चारशे किलोच्या पुढची. तिला दिवसाला 25 ते 30 किलो ओला चारा लागतो, वर पाच-सहा किलो कडबा, आणि उन्हाळ्यात 60 लिटरच्या आसपास पाणी. वैरणीचे भारे, पाण्याच्या बादल्या, शेणाच्या पाट्या, सगळं आपल्याच कमरेवर. त्यात तिनं दाव्याला हिसडा दिला आणि आपण पडलो, तर या वयात खुब्याचं हाड मोडायला वेळ लागत नाही. मग ती म्हैस विकावीच लागते, अडलेल्याच्या भावात. त्यापेक्षा हातपाय धड असताना, ती दुभती असताना विकली तर चार पैसे जास्त येतात.

तिच्या जागी काय आणायचं? आधी स्वतःला तीन प्रश्न विचारा. ते ओढायला लागलं तर मला आवरेल का? त्याचा दिवसाचा चारा मी एका खेपेत आणू शकते का? मी चार दिवस तापानं पडले, तर शेजारीण त्याचं बघेल का?

या तिन्हीला बहुतेक वेळा उतरते ती शेळी. आपल्याकडची उस्मानाबादी घ्या. मोठी शेळी तीस-पस्तीस किलोची, तिला तीन-चार किलो ओला चारा आणि थोडा सुका पाला पुरतो. पाच महिन्यांत विते, पुष्कळदा जुळी देते. दोन किंवा तीनच ठेवा. एक-दोन वेत झालेली, शांत, जमल्यास बिनशिंगी बघून घ्या. बोकड पाळू नका, तो धडक देतो. शेळी माजावर आली की गावातल्या चांगल्या बोकडाकडं न्या. डोंगराला चारायला नेण्यापेक्षा बांधावर शेवरी लावा. गव्हाण जमिनीपासून उंच करा, म्हणजे वाकावं लागत नाही आणि चारा तुडवला जात नाही. पावसाळ्याआधी आंत्रविषाराची लस द्या, पीपीआरची कधी द्यायची ते सरकारी दवाखान्यात विचारा. विमा उतरवला तर कानातला बिल्ला जपा. तो पडला तर लगेच कळवा, नाहीतर भरपाई अडते.

एक गोष्ट आधीच समजून घ्या. शेळीचा पैसा दहा दिवसांनी येत नाही, करडं मोठी झाल्यावर येतो. मधल्या बाजारहाटासाठी आठ-दहा गावरान कोंबड्या ठेवा. त्या खुडूक बसतात, 21 दिवसांत पिल्लं काढतात, पिल्लं विकत आणावी लागत नाहीत. खुराडं कमरेच्या उंचीवर बांधा, म्हणजे अंडी उभ्यानं काढता येतील. रात्री दार घट्ट लावा, मुंगूस आणि मांजर टपलेलीच असतात. राणीखेतची लस चुकवू नका.

आणि सुनांनो, लेकींनो, सासूबाईंची म्हैस विकताना तो पैसा त्यांच्याच खात्यावर जमा करा. शेळ्या त्यातूनच घ्या आणि त्यांच्याच नावावर राहू द्या. गोठा गेला की बाईचा शब्दही घरातून जातो, तसं होऊ देऊ नका.

गटाच्या पुढच्या बैठकीत एवढं करा. आपल्यातल्या साठीपुढच्या बायकांची नावं काढा, कोण कुणाच्या जनावराकडं अडीअडचणीला बघणार ते ठरवा आणि वहीत लिहून ठेवा.